वहीतला ‘बा’

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला आणि सूर्य दिसेनासा झाला. सकाळचे साडेसात वाजून गेले, तरी देविकाला हातातल्या कलमापलीकडची दोनच कलमं दिसत होती. तिसरं कोहऱ्यात, इथल्या दाट धुक्यात, गेलं होतं. पेंढा दहिवरानं ओला झालेला. तो मुठीत धरून आंब्याच्या कलमाभोवती उभा करायचा, वर शेंडा आवळायचा, सुतळीचे दोन वेढे द्यायचे आणि आग्नेयेची बाजू उघडी ठेवायची, म्हणजे ऊन पडलंच तर आत शिरेल. तिच्या बोटांची टोकं सुजून लाल झाली होती. गाठ दातानं ओढावी लागत होती.

"पुढचा," ती म्हणाली.

चार हातांवर पालथ्या घमेल्यावर तिचे वडील, लक्ष्मीकांत भोईटे, बसले होते. डाव्या गुडघ्याला पट्टा होता आणि त्या गुडघ्यानं वाफ्यात उकिडवं बसणं दिवाळीपासून बंद झालं होतं. सुतळीचे तुकडे करणं आणि प्रश्न वाचणं ही दोन कामं त्यांच्याकडे होती. दोन्ही ते सारख्याच गांभीर्यानं करायचे.

"प्रश्न क्रमांक सतरा," त्यांनी चष्मा वर सरकवला. "योग्य वाक्य निवडा. ए: ‘द रिपोर्ट वॉज सबमिटेड बाय द मॅनेजर आफ्टर द सेम हॅड बीन चेक्ड बाय हिम.’ बी: ‘द मॅनेजर चेक्ड द रिपोर्ट अँड सबमिटेड इट.’ सी..." सी आणि डी त्यांनी भरभर वाचले. त्या दोन्हींत उघड घोटाळा होता.

"ए," देविका म्हणाली.

"ए," तेही म्हणाले. "बी म्हणजे काय, पोरासोरांचं वाक्य. पाठीमागे उत्तर बघतो." पानं उलटली. मग पुन्हा पुढचं पान, पुन्हा मागचं.

"बाबा?"

"बी दिलंय." त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "छापखान्याची चूक."

गवती चहाचे तीन पेले घेऊन विजयाबाई झोपडीवजा शेडमधून आल्या. "सकाळपासनं छापखान्यानं चार चुका केल्या," त्या म्हणाल्या. "अहो, चहा घेण्यात यावा, प्लीज."

लक्ष्मीकांत हसले नाहीत. पेला मात्र त्यांनी घेतला.

लखनौच्या अमौसी विमानतळापुढे दहा-बारा किलोमीटरवर, बंथऱ्याच्या अलीकडे, भोईट्यांची ही नर्सरी होती. जमीन कराराची. दशहरी आंब्याची अठराशे कलमं, पेरू, लिंबू, पपईची रोपं. माळी छेदीलाल आईच्या आजारपणासाठी सीतापूरला गेला होता आणि ‘खिचड़ी के बाद’ येणार होता, म्हणजे संक्रांतीनंतर. जाण्याआधी त्यानं निम्म्या कलमांना पेंढ्याचे टोप बांधले होते. उरलेली नऊशे या तिघांवर होती, आणि पाला, म्हणजे गोठलेलं दहिवर, कधीही पडणार होता.

परीक्षा जानेवारीच्या पहिल्या रविवारी होती. बिझनेस स्कूलच्या प्रवेशाची ही परीक्षा देविका तिसऱ्यांदा देत होती. दोन्ही वेळा गणितात ती वर होती, एकूण मार्कांतही वर होती. पण प्रत्येक भागाची एक खालची रेषा असते. इंग्रजीच्या भागाची रेषा पहिल्या वर्षी चार मार्कांनी हुकली, दुसऱ्या वर्षी दोन. यंदाची खेप शेवटची. करार जूनमध्ये संपत होता. तिला प्रवेश मिळाला तर तो वाढवायचा नाही, आई-बाबांनी गावी, कोरेगावला परतायचं. नाही मिळाला तर पुढची पाच वर्षं नर्सरी देविकाच्या नावानं. नर्सरी तिला नकोशी नव्हती. रोपं तिला वाढवता येत होती, पण आपण वाढवलेली रोपं तिसऱ्याच माणसाच्या नावानं पुण्या-नागपुरापर्यंत जातात ती कशी, हे तिला शिकायचं होतं.

तिचं इंग्रजी बाबांचं होतं. लक्ष्मीकांतांनी अठ्ठावीस वर्षं सैन्यात कारकुनी केली. नायब सुभेदार म्हणून लखनौच्या छावणीतून ते निवृत्त झाले, आणि या अठ्ठावीस वर्षांत त्यांचा एकही ड्राफ्ट वरून परत आला नाही, हे ते वर्षातून दोनदा तरी सांगायचे. क्वार्टरमध्ये असताना दर संध्याकाळी कुणी ना कुणी दारात उभं असायचं. कुणाचं पेन्शन अडकलेलं, कुणाची बदली, कुणाच्या मुलाची शाळा. "सूबेदार साहब का लिखा वापस नहीं आता," असं लोक म्हणायचे. देविका आठ वर्षांची असल्यापासून ते दर रविवारी तिला तीन ओळींचं पत्र सांगायचे आणि ती लिहायची. ताप आल्यामुळे रजा मिळण्याबाबत. छत्री हरवल्याबाबत. एकदा तिनं आपणहून बाहुलीच्या आजारपणाचा अर्ज लिहिला होता, शेवटी ‘फॉर युअर इन्फर्मेशन अँड नेसेसरी अॅक्शन, प्लीज’ असं घालून. लक्ष्मीकांतांनी त्यावर सही करून रजा मंजूर केली होती.

रविवारी देविका मेट्रोनं बादशाहनगरला उतरली आणि ई-रिक्षानं कपूरथल्याच्या चौकात गेली. महानगर नावाच्या त्या वस्तीत तिचा परीक्षेचा क्लास होता आणि तिथं इंग्रजी निगम मॅडम शिकवायच्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, विद्यार्थ्यांनाही ‘आप’ म्हणणाऱ्या. सराव परीक्षेचे पेपर परत देताना देविकाचा पेपर त्यांनी हातातच ठेवला.

"देविका, एक बात बताइए. ग्रामर आपने किससे सीखी?"

"पापा से, मॅम."

"क्या करते हैं?"

"आर्मी में क्लर्क थे."

"तभी!" मॅडम हसल्या. चेहऱ्यावर वाईटपणा नव्हता, कोडं सुटल्याचं समाधान होतं. "देखिए, यह इंग्लिश ग़लत नहीं है. दफ़्तर की है. लेकिन आप इम्तिहान नहीं दे रही हैं. आप हर सवाल में अर्ज़ी लगा रही हैं."

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी हात जोडल्याच्या सुरात म्हणालं, "सविनय निवेदन है कि..." आणि पुन्हा हशा झाला. त्यात देविकाही हसली. हसून झाल्यावर तिचे कान तापले. वर्ग हसला याचं तिला एवढं वाटलं नाही. आपण हसलो, याचं वाटलं.

परतीच्या मेट्रोत तिनं चुकांची वही उघडली. व्याकरणात चुकलेला प्रत्येक प्रश्न ती त्यात उतरवून घ्यायची. पेन्सिलनं तिनं समासात कारणं लिहायला सुरुवात केली. काळ चुकला तिथं ‘क’. विरामचिन्ह चुकलं तिथं ‘वि’. आणि जिथं ‘द सेम’ होतं, ‘डिस्कस अबाउट’ होतं, ‘रिटर्न बॅक’ होतं, जिथं ‘केलं’ म्हणायचं तिथं ‘करण्यात आलं’ होतं, तिथं काय लिहावं ते तिला आलमबागेपर्यंत सुचलं नाही. मग तिनं ‘बा’ लिहिलं. विमानतळाच्या स्टेशनवर उतरली तेव्हा त्रेसष्ट चुकांपैकी एक्केचाळीस ‘बा’ झाले होते.

सोमवारी तिनं पुस्तक बाबांच्या हातात दिलं नाही.

"उतारे करतेय," ती म्हणाली. "ते मनात वाचावे लागतात."

"ठीक," लक्ष्मीकांत म्हणाले आणि सुतळी कापत बसले. मंगळवारी ते नुसतीच सुतळी कापत होते. बुधवारी विजयाबाई पेंढ्याचा भारा टाकायला आल्या तेव्हा घमेल्याशेजारी दीड-दीड फुटाच्या तुकड्यांचा ढीग पडला होता. एकही तुकडा इंचानं लहानमोठा नाही, आणि उरलेल्या कलमांच्या दुप्पट तरी.

दुपारी चुलीपाशी बथुआची भाजी निवडताना त्या लेकीला म्हणाल्या, "तुझ्या बाबांना काय झालंय? तीन दिवस घरात काहीही करण्यात आलेलं नाही."

देविकानं सांगितलं. वर्ग हसल्याचं सांगितलं, आपण हसल्याचंही सांगितलं.

"मग त्यांना सांग की."

"कसं सांगू, आई? तूच सांग ना."

"मी?" विजयाबाईंनी पानं झटकली. "अठ्ठावीस वर्षं मी त्या इंग्रजीचं जेवलेय. मला नाही बाई ते चूक म्हणता येत. तुला येत असेल तर तू म्हण."

देविकाला ते म्हणता आलं नाही. गुरुवारी तिला ते म्हणावंच लागलं नाही.

त्या दिवशी अकरा वाजता कोहरा जरा उचलला. ती लिंबांच्या पिशव्यांना पाणी देत होती. वही पेंढ्याच्या भाऱ्यावर राहिली होती आणि पाइपाची धार तिकडे वळत होती, म्हणून लक्ष्मीकांतांनी ती उचलली. कारकुनाच्या हातात लिहिलेला कागद आला की तो वाचला जातो. तिनं मागे पाहिलं तेव्हा ते सातव्या पानावर होते आणि बोटानं समासातली अक्षरं मोजत खाली येत होते.

"‘क’ म्हणजे काळ," ते म्हणाले. "‘वि’ म्हणजे विरामचिन्ह. ‘बा’ म्हणजे काय?"

देविकानं पाइप खाली टाकला. पाणी वाटेवर वाहू लागलं.

"बाब?" त्यांनी विचारलं. "बाह्य काहीतरी?"

"बाबा," ती म्हणाली.

ही हाक नव्हे, उत्तर आहे, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. त्यांनी पान उलटलं. मग पुढचं. एका प्रश्नापाशी थांबून त्यांनी तो ओठांतल्या ओठांत वाचला आणि योग्य उत्तर पाहून मान किंचित हलवली, जशी एखाद्या वरिष्ठानं चूक दाखवल्यावर हलवत असतील.

"थांबा," देविका पुढे झाली. तिनं त्यांच्या हातातल्या वहीची पानं भराभर मागे नेली. "हे पान बघा. हे उलटसुलट वाक्यांचं. पाच वाक्यं देतात, त्यांचा परिच्छेद जुळवायचा."

"कोरं आहे."

"कोरं आहे, कारण एकही चुकलेलं नाही. संदर्भ आधी, मग हकीकत, मग मागणी. तुम्हीच शिकवलंत."

"ते सगळ्यांनाच येतं."

"नाही येत, बाबा. वर्गात निम्म्यांना येत नाही."

लक्ष्मीकांतांनी वही मिटली, कोटाच्या बाहीनं तिच्यावरचे थेंब पुसले आणि ती कोरड्या पेंढ्यावर ठेवली. "पाणी वाया चाललंय," असं म्हणून ते पेरूच्या वाफ्यांकडे गेले. तिथं त्यांनी दुखरा गुडघा सरळ लांब सोडून, एका कुशीवर रेलून, तासभर गवत काढलं. विजयाबाईंनी दोन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला ते आले, जेवले, आणि भाकरी चांगली झालीय एवढंच म्हणाले.

संध्याकाळी पपईच्या रोपांवर झापं घालायची असत. बांबूच्या चौकटीवर पेंढ्याचं झाप, एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला लेक. चौथं झाप उचलताना ते म्हणाले, "एक्केचाळीस?"

"हां."

"त्रेसष्टपैकी."

"हां, बाबा."

"पासष्ट टक्के झाले." झाप चौकटीवर बसलं. त्यांनी कडा दाबली. "इतका खात्रीचा माणूस तुला लखनौत मिळायचा नाही. उद्यापासून मी वाचणार, आणि उत्तरही मीच आधी सांगणार."

"आणि मी?"

"मी सांगेन ते तू खोडायचं."

देविकाला हसू आलं. ती पाचव्या झापाकडे वळली.

शुक्रवारपासून तसं सुरू झालं. लक्ष्मीकांत घमेल्यावर बसायचे, प्रश्न खणखणीत वाचायचे आणि विचार करून सांगायचे, "मला सी बरोबर वाटतो." पूर्ण मनापासून सांगायचे, मुद्दाम चुकायचं नाही, हा त्यांचा नियम होता. पहिल्या दिवशी वीसपैकी सतरा चुकले.

"शाब्बास," विजयाबाई पेंढा तोडता तोडता म्हणाल्या. "कुठं होती ही हुशारी इतकी वर्षं?"

"आपल्याच घरात दडवण्यात आली होती," लक्ष्मीकांत म्हणाले. त्या दिवशी ते पुन्हा ‘करण्यात’ बोलू लागले. दोघी मायलेकी एकमेकींकडे न बघता हसल्या.

पण नुसतं खोडणं त्यांना पुरेना. का खोडलं, ते त्यांना हवं असायचं. "‘द सेम’ला काय झालं? सगळ्या फौजेत ‘द सेम’ चालतं." मग देविकाला सुतळी दातांत धरून सांगावं लागायचं, की बाबा, ‘तो अहवाल’ म्हणायचं तर ‘इट’ पुरतं. "‘डिस्कस अबाउट’ का नाही?" कारण ‘अबाउट’ ‘डिस्कस’च्या पोटातच आहे. "मॅनेजरकडून तपासण्यात आला, यात मॅनेजरचा मान राहतो." मान राहतो, पण मॅनेजर शेवटी येतो, बाबा, काम त्यानं केलंय तर तो आधी नको का यायला?

त्यांनी सुतळीचा एक तुकडा कापून ढिगावर ठेवला.

"दफ्तरात नाव आधी घालायचं नसतं," ते म्हणाले. "उद्या काही निघालं तर ज्याचं नाव पुढं, तो सापडतो. करण्यात आलं म्हटलं की कुणीच केलेलं नसतं."

देविकानं गाठ मारायची थांबवली. अठ्ठावीस वर्षं एकही ड्राफ्ट परत आला नाही आणि बाबांवर एकदाही ठपका आला नाही, या दोन गोष्टी तिनं आजवर वेगवेगळ्या ऐकल्या होत्या. त्या सावध वाक्यांच्या आत ती आणि आई सुखानं राहिल्या होत्या. तिनं गाठ पक्की केली आणि पुढचं कलम धरलं.

बाबांना समजावताना तिला स्वतःचं कळू लागलं. चार पर्यायांत एक वाक्य असं असायचं, की वाचताच बरं वाटायचं. घरच्या माणसाचा आवाज ऐकल्यासारखं. तिथंच थांबायचं आणि पुन्हा वाचायचं, एवढा नियम तिनं केला. सराव परीक्षेत व्याकरणाच्या चुका अकरावरून चारवर आल्या. निगम मॅडमनी पेपर देताना भुवया उंचावल्या. "किसी और से पढ़ने लगीं?"

"नहीं मॅम, उन्हीं से."

एकतीस डिसेंबरला आंब्याचं शेवटचं कलम टोपाखाली गेलं. त्या दिवशी वीस प्रश्नांत लक्ष्मीकांतांची अकरा उत्तरं बरोबर आली.

"बाबा, तुम्ही बिघडलात," देविका म्हणाली. "तुमचं खोडून माझी आठ चुकली."

लक्ष्मीकांतांनी आकडा पुन्हा तपासला. अकराच. चेहरा गंभीर ठेवायला त्यांना बरेच कष्ट पडत होते. "मग माझी सेवा समाप्त करण्यात यावी," ते म्हणाले.

"आणि पेन्शन?" विजयाबाईंनी विचारलं.

"चहा."

परीक्षेच्या रविवारी पाला पडला. पहाटे साडेपाचला देविकानं दार उघडलं तेव्हा कोहरा नव्हता. आकाश लख्ख होतं, हवा हलत नव्हती आणि टॉर्चच्या उजेडात टोपांवर मीठ शिंपडल्यासारखं दिसत होतं. पेंढ्याला हात लावला तर तो कुरकुरला. कलमांना टोप होते, पपईवर झापं होती. पण लिंबाच्या आणि पेरूच्या पिशव्या उघड्या होत्या. ऊन लागायच्या आत त्यांना बोअरचं कोमट पाणी मिळालं नाही, तर पानं दुपारपर्यंत काळी पडणार होती. तीन हजार पिशव्या. दोन माणसांचं, दोन तासांचं काम. तिला सहाला निघायचं होतं.

लक्ष्मीकांत आधीच पंपापाशी होते. गुडघ्यावर दोन पट्टे बांधलेले. विजयाबाई पाइपाचं वेटोळं सोडत होत्या.

"अर्धा तास थांबते," देविका म्हणाली. "पेरूचं करून जाते. रिपोर्टिंग साडेआठचं आहे, पोचेन."

"टेम्पो चुकला तर?"

"मिळेल दुसरा."

"देवू," लक्ष्मीकांतांनी पंपाची कळ दाबली. पाइप फुगला. "तू जा. पाणी मी देतो."

ती उभीच राहिली. त्यांनी तिच्याकडे न बघता पाइप खांद्यावर घेतला आणि लंगडत पहिल्या रांगेत शिरले. पाण्याची वाफ निघत होती. विजयाबाईंनी लेकीच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं, हातात डबा दिला आणि तिला फाटकाकडे ढकललं. मेट्रोत बसल्यावर देविकाच्या ध्यानात आलं, की पाणी देण्यात येईल, असं ते म्हणाले नव्हते.

इंग्रजीच्या भागाला चाळीस मिनिटं होती. सुजलेल्या बोटांनी माउस धरायला त्रास होत होता. उलटसुलट वाक्यांचे चार प्रश्न तिनं आठ मिनिटांत संपवले. व्याकरणाच्या सहाव्या प्रश्नाला एक वाक्य ओळखीचं वाटलं. गोल, सभ्य, कुणालाही न दुखावणारं. तिचा हात तिकडे गेला. तिनं तो मागे घेतला, वाक्य पुन्हा वाचलं, आणि काम करणारा माणूस ज्यात आधी येत होता ते साधं वाक्य निवडलं.

दुपारी ती परतली तेव्हा पेरू वाचले होते. लिंबाच्या शेवटच्या दोन रांगा गेल्या होत्या. पानं उकडल्यासारखी लोंबत होती. लक्ष्मीकांत खाटेवर पडले होते आणि गुडघ्यावर गरम मिठाची पुरचुंडी होती.

"दोन रांगा राहिल्या," ते तिला म्हणाले. "माझ्याच्यानं पोचणं झालं नाही."

देविका खाटेच्या कडेला बसली. आभार मानायला या घरात शब्द नव्हता. जो होता तो पत्राच्या शेवटी लिहायचा होता. तिनं पुरचुंडी उचलली, तव्यावर पुन्हा गरम केली आणि गुडघ्यावर धरून बसली. ती गार झाली. मग विजयाबाईंनी विचारलं, "जेवलीस?"

निकाल जानेवारीच्या अखेरीस लागला. इंग्रजीची रेषा तिनं तीन मार्कांनी ओलांडली होती. फेब्रुवारीत मुलाखत झाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, कलमांवरचे टोप निघून नवी तांबूस पालवी आलेली असताना, प्रवेशाचं पत्र मोबाइलवर आलं. देविकानं ते दोनदा स्वतः वाचलं, एकदा आईला मराठीत सांगितलं, आणि मग बाबांच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी पत्र तारखेपासून सहीपर्यंत वाचलं.

"ड्राफ्ट चांगला आहे," ते म्हणाले. मग त्यांनी ते पुन्हा तारखेपासून वाचायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती मिठाई घेऊन महानगरला जाऊन आली. निगम मॅडमनी डबा दोन्ही हातांनी घेतला. "पापा को हमारा सलाम कहिएगा," त्या म्हणाल्या. "और उनसे माफ़ी भी. उस दिन पूरी क्लास हँस पड़ी थी. मुझे वह बात अकेले में कहनी चाहिए थी."

देविकानं सलाम आणि माफी दोन्ही पोचवली. लक्ष्मीकांतांनी ती ऐकून घेतली. मग म्हणाले, "तुझा पेपर बघायला मिळतो का?"

"मिळतो. पण आता कशाला?"

"असाच."

तिनं बंथऱ्याच्या दुकानातून प्रश्न छापून आणले. उत्तरं आणि गुण वेगळ्या कागदावर. तो त्यांनी न बघता विजयाबाईंकडे दिला. दुपारी शेडमध्ये टेबल ओढून ते बसले. पेन्सिलीला टोक केलं. "चाळीस मिनिटं," त्यांनी बायकोला सांगितलं. विजयाबाईंनी मोबाइलवर वेळ लावली आणि दाराशी बसून पिशव्या भरू लागल्या. छेदीलाल काही विचारायला आला, त्याला त्यांनी बोटानं गप्प केलं. "इम्तिहान चल रहा है."

छेदीलालनं आत डोकावून पाहिलं. "साहब का?"

"और किसका?"

वेळ संपली तेव्हा लक्ष्मीकांतांचे दोन प्रश्न राहिले होते. देविकानं तपासायला घेतलं. ते समोर उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. तिनं बेरीज केली, पुन्हा केली. मग रेषेचा आकडा पाहिला.

"एका मार्कानं हुकली, बाबा."

"एकच?"

"एकच."

"पुढच्या वर्षी बसा," विजयाबाई दारातून म्हणाल्या. "कोरेगावला वेळच वेळ आहे."

लक्ष्मीकांतांनी पेपर हातात घेतला आणि चुकलेले प्रश्न एकेक करून पाहिले. तीन त्यांना पटले. चौथ्यापाशी ते अडले. त्यांनी तो दोनदा वाचला, खिडकीच्या उजेडात नेऊन पुन्हा वाचला. बाहेर फाटकापाशी रोपं न्यायला टेम्पो आला होता. चालक हॉर्न वाजवत होता.

"भैया, दस मिनट!" देविका ओरडली.

"हा बघ, सव्वीस," लक्ष्मीकांत म्हणाले. त्यांनी खुर्ची तिच्यासाठी ओढली, स्वतः टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि एक कोरा कागद समोर घेतला. "इथं माझं काय चुकलं? सावकाश सांग. मी लिहून घेतो."